फुकट ते पौष्टिक: ब्राउझर एक्स्टेन्शन निवडण्याचा नवशिक्यांसाठी सोपा विधी

एक्स्टेन्शन घालण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा विचार अजिबात करू नये. केला तर ब्राउझर होता तसा बरा चालला होता असे ध्यानात येते आणि सगळा उत्साह मावळतो. त्यापेक्षा थेट क्रोम वेब स्टोअर उघडून बसावे. नव्या टॅबमध्ये रोज वेगळा डोंगर दिसावा, बाणाच्या जागी मांजर फिरावे, अशा गरजा तिथे गेल्यावर आपोआप सुचतात.

एक पसंत पडले की निळे बटण दाबावे. मग छोटी चौकट येते. हे एक्स्टेन्शन तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल, अशा अर्थाचे वाक्य बहुधा तिच्यात असते. तरबेज नवशिक्या ते वाचत नाही. वाचणाऱ्याला नसत्या शंका येतात: मांजराला माझे बँकेचे पान कशाला बघायचे आहे? शंका रास्त आहे, म्हणून हळूच सांगून ठेवतो. जाहिराती अडवणाऱ्याला ही परवानगी बहुधा लागते. पानात डोकावल्याशिवाय त्याला जाहिरात सापडणार कशी? हवामान सांगणाऱ्याला मात्र ती मागायचे काही कारण नाही. क्रोममध्ये ही मुभा ठरावीक साइटपुरती किंवा आपण क्लिक करू तेव्हापुरती ठेवता येते. ती सोय एक्स्टेन्शनच्या तपशिलाच्या पानावर असते, म्हणजे जिथे कोणी फिरकत नाही तिथे.

आता जाहिराती. शोधपेटीत 'अ‍ॅडब्लॉक' लिहावे आणि जे पहिले दिसेल ते उचलावे. नावे सगळ्यांची सारखीच आहेत, आणि त्यातच गंमत आहे. रेमंड हिल या गृहस्थांनी 2014 साली 'यूब्लॉक' लिहिले. 2015 मध्ये तो प्रकल्प त्यांनी दुसऱ्याच्या हवाली केला आणि स्वतःपुरती वेगळी चूल मांडली, ती 'यूब्लॉक ओरिजिन'. मूळ नाव फिरत फिरत 2018 मध्ये 'अ‍ॅडब्लॉक'वाल्यांकडे गेले. म्हणजे घ्यायचे ते 'ओरिजिन'. हिल देणग्याही घेत नाहीत, त्यामुळे काही लोकांना त्यांचा संशय येतो. 'अ‍ॅडब्लॉक प्लस'ने 2011 पासून 'स्वीकारार्ह जाहिरातीं'ची यादी ठेवली आहे. त्या यादीतल्या जाहिराती दिसू दिल्या जातात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येते. पण जाहिराती अडवणाऱ्याचा संसार जाहिरातींवर चालतो, एवढे ठाऊक असलेले बरे.

इतके वाचून तुम्ही क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन शोधायला गेलात, तर पंचाईत. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले. मॅनिफेस्ट व्ही-3 हे त्या नियमावलीचे नाव. तिच्यात जुने यूब्लॉक ओरिजिन बसत नाही, म्हणून 2024-25 मध्ये क्रोमने ते टप्प्याटप्प्याने बंद केले. उरले ते 'लाइट', कमी ताकदीचे. कारण सुरक्षिततेचे सांगितले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींतून होते, हा निव्वळ योगायोग समजावा. पूर्ण ताकदीचे हवे असेल तर फायरफॉक्स.

खरेदीच्या वेळी आपोआप कूपन शोधून देणारी एक्स्टेन्शन्स विशेष लाडकी असतात. स्वतःचा वेळ खर्चून कोणी आपले शंभर रुपये का वाचवील, हा प्रश्न या ठिकाणी विचारू नये. 'हनी' असेच फुकट होते. पेपालने 2020 मध्ये ते सुमारे 400 कोटी डॉलरला विकत घेतले. 2024 च्या डिसेंबरात एका यूट्यूबरने आरोप केला की ज्याच्या शिफारशीवरून आपण वस्तू घेतो त्याचे कमिशन हे एक्स्टेन्शन शेवटच्या क्षणी स्वतःच्या नावावर करून घेते. कूपन मिळो न मिळो.

भरवशाची साइट कोणती हे सांगणारेही एक होते, 'वेब ऑफ ट्रस्ट'. 2016 मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने दाखवून दिले की ते वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा इतिहास बाजारात विकायला आहे. साइटचे रूपडे बदलणारे 'स्टायलिश' 2018 मध्ये असल्याच कारणावरून दुकानांबाहेर गेले. त्या कामाला आता 'स्टायलस' आहे आणि नुसता काळा पडदा हवा असेल तर 'डार्क रीडर'. दोन्हींचा कोड उघडा आहे. पासवर्डसाठी 'बिटवॉर्डन' घ्यावे आणि पुढे चालू लागावे.

तारे आणि आकडे पाहून निवडणाऱ्यांसाठी मात्र जरा थांबायला हवे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे गुणी एक्स्टेन्शन होते. वापरणारे सुमारे 20 लाख, कौतुक भरपूर, आणि सगळे रास्त. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते विकले. कोणाला, हे वापरणाऱ्यांना कळले नाही; गोठा विकताना म्हशींना कोण विचारतो? चिन्ह तेच, नाव तेच, तारेही तेच. अपडेट आपोआप येत राहिले. 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने त्यात घातक कोड असल्याचे सांगून ते बंद केले. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचे अभिप्राय पाच वर्षांपूर्वीच्या मालकाचे असतात. नवशिक्याने ते मन लावून वाचावेत. ज्याला नवशिकेपणातून बाहेर पडायचे असेल त्याने आजचा मालक कोण आणि त्याचे घर कशावर चालते, एवढे दोन-चार महिन्यांनी बघावे.

अशा वाईट शेवटांना अपवाद म्हणून 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' सांगायला हवे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ते 2010 मध्ये काढले. साइट सुरक्षित जोडणीने उघडण्याचे त्याचे काम ब्राउझर स्वतःच करू लागले, तेव्हा संस्थेनेच त्याचा गाशा गुंडाळला. टॅब झोपवण्याचे कामही आता क्रोम स्वतः करतो, पण त्याची एक्स्टेन्शन्स अजून हौसेने घातली जातात.

शेवटी काढण्याचा विधी. कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यावर क्लिक करून यादी उघडावी. त्यातली दोन आपण घातलेली असतात, तीन भाच्याने दिवाळीच्या सुटीत. ओळखू येत नाहीत ती आधी काढावीत. काढताच अनेकदा नवा टॅब उघडतो आणि तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात, असे कळवळून विचारतो. खाली ई-मेलचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तरी एक्स्टेन्शन निघालेलेच असते.