समेपर्यंत कोण जातो!

गवयाची नक्कल करायला गळा लागत नाही, ही माझ्या कलेतली मोठी सोय. डावा हात कानाशी न्यायचा, उजव्याने गोते खाणारा पतंग सावरायचा आणि मध्येच डोळे उघडून तबलजीकडे ‘आहात ना?’ असं बघायचं. कोजागरीला, सोसायटीच्या गणपतीत मला आग्रह होतो. नाही झाला, तर मी जवळपासच घुटमळतो.

पण माझी खासियत गवई नव्हे, त्याच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य. या माणसावर मी रात्रभर बोलू शकतो. बुवांनी मागे न बघता नुसतं ‘पंचम’ म्हणायचं आणि याने घाबरून चांगली लागलेली खुंटीही पिळायची. बुवा ताना घेत असतात तोवर हा पुतळा. बुवांना ठसका लागला, की तेवढ्या अर्ध्या आवर्तनात याने बारा वर्षांची तालीम दाखवायची. फार चांगला गायला तर पंचाईत, वाईट गायला तर त्याहून. म्हणून बिचारा एक लांब षड्ज धरतो, आणि बुवांचा ठसका थांबताच तो तसाच गिळून टाकतो. तो गिळतानाचा चेहरा माझ्याइतका कोणालाच जमत नाही. समोर खरा तबलजी असला, तर मात्र मी लवकर आटोपतं घेतो. विलंबित एकतालाची सम चेहऱ्यावर आणता येत नाही.

सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, लहानपणी अब्दुल करीम खाँ, वझेबुवा यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचे. ‘आमची परंपरा तीच,’ असं मी घरी म्हणालो.

‘ते गायचे,’ बायको म्हणाली.

पुढे क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं. देवासला काही वर्षं गाणंच बंद होतं. नंतर ते गायले त्यातली स्वरांची ती छोटी, अचानक झेपावणारी फेक आम्ही नकलाकार दोन्ही फुप्फुसं शाबूत ठेवून करतो. हशा हमखास. हल्ली त्या हशाचा मला राग येतो. त्या फेकीसाठी त्या माणसाने किती श्वास मोजून वापरला असेल, आणि आम्ही तो उधळतोय चिवडा खाता खाता.

म्हणून कोणी ‘जरा कुमार होऊ दे’ म्हणालं, की मी पेटीवाल्यावर सरकतो. पेटी १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर बंद होती. एवढं पचवलेल्या जमातीला माझं काय जड आहे?