थोरल्याचा मान

नानांच्या शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं असत, आणि दोन्ही निळी. त्यातलं एक लाल का नाही, असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. दुसरा चष्मा ड्रॉवरमध्ये होताच. म्हणाले, "निळं बंद पडलं तर चेकवर लाल सही करू? राखीव गडी हुबेहूब पाहिजे. वेगळा असेल तर तो राखीव नव्हे, पाहुणा."

पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात, नाना मे महिन्यातही स्वेटर घालून बसत. दुसरा स्वेटर खुंटीला. बँकेची वेबसाइट त्यांच्या ताब्यात होती. ती दोन सर्व्हरांवर चालायची, म्हणजे चालायची एकावरच. दुसरा नुसता जागा असायचा. कागदोपत्री त्यांना नंबर होते, पण नाना त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला पडला की धाकट्यानं गादी चालवायची आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागता कामा नये.

त्यासाठी वेबसाइटचा आयपी पत्ता दोघांपैकी कोणाच्याच मालकीचा ठेवलेला नव्हता. "ती दारावरची पाटी आहे," नाना सांगत. "ज्याच्याकडे कारभार, त्याच्या दारावर पाटी. आणि आधी पाटी, मग दुकान, म्हणजे वेबसाइटची पानं वाढणारा अपाचे. पाटी एका दारावर आणि अपाचे दुसऱ्याच घरात, असं झालं तर लोक पाटीखाली उभे राहून शिव्या देऊन जातील." दोघांची ख्यालीखुशाली कोरोसिंक नावाचा प्रोग्राम इकडून तिकडे पोचवायचा आणि त्यावरून कारभार कोणाचा हे पेसमेकर नावाचा दुसरा प्रोग्राम ठरवायचा. मी नव्या उत्साहात, मशीन चालू झालं की अपाचे आपोआप सुरू व्हावा अशी सोय करून ठेवली. नानांनी ती त्याच दिवशी काढली. "कारभाऱ्यानं हाक मारल्याशिवाय कोणी चुलीपाशी जायचं नाही."

अपाचे जिवंत आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान नसे. पेसमेकर ठरावीक सेकंदांनी अपाचेकडे त्याच्या स्थितीचं पान मागायचा. पान आलं तरच तो धडधाकट. हाच नियम नाना खाली कॅश काउंटरवरच्या कारकुनालाही लावत. जेवणानंतर त्याचे डोळे उघडे दिसले तरी नाना जाता जाता विचारत, "किती वाजले?" उत्तर आलं की पुढे जात. नानांच्या मनगटावर घड्याळ असे. खिशात दुसरं.

साहेबांना एकदा परिषदेहून आल्या आल्या 'पाच नऊ' हवे झाले. म्हणजे वेबसाइट 99.999 टक्के वेळ चालू. नानांनी कागद ओढला. तीन नऊ म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद चालेल. चार नऊ म्हणजे साडेबावन्न मिनिटं. पाच नऊ म्हणजे सव्वापाच मिनिटं. "साहेब, सव्वापाच मिनिटांत माझा अमृततुल्यचा एक कप संपत नाही. आणि हे वर्षभरात." साहेब चार नवांवर आले.

पण नानांचं खरं तत्त्वज्ञान वेगळंच होतं. "दुसरा ठेवायला पैसे लागतात. पहिला गेला हे ठरवायला अक्कल लागते." थोरल्याकडून निरोप येईनासा झाला, तर तो मेला असेल, किंवा मधली वायर निघाली असेल आणि तो आपला जोमात काम करत असेल. अशात धाकट्यानं कारभार घेतला की एका गादीवर दोन धनी. या रोगाला सगळे स्प्लिट ब्रेन म्हणतात. नाना 'दोनदा मीठ' म्हणत. त्याचं असं झालं होतं. नानी गॅसवर आमटी ठेवून बाल्कनीत फोनवर बोलत होत्या. नानांनी आतून हाक मारली, उत्तर नाही. मीठ राहिलं असणार म्हणून त्यांनी घातलं. फोन ठेवून नानी आल्या, त्यांनीही घातलं. "दोघांचा हेतू शुद्ध होता," नाना म्हणत, "आमटी मात्र गेली. दोघं एकाच डिस्कवर लिहायला लागले की डेटाही असाच खारट होतो."

म्हणून धाकट्यानं गादीवर बसण्याआधी थोरल्याची वीज तोडायची. या तंत्राचं नाव स्टॉनिथ, आणि त्या आद्याक्षरांचा अर्थ 'दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला'. नोड म्हणजे जोडीतला एक सर्व्हर. झुरळाला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारा हा माणूस ही गोळी अगदी शांतपणे समजावून सांगे. "मेलाच असेल तर त्याचं काय जातंय? जिवंत असेल तर आमटी वाचते."

या बंदुकीनं नानांचा एकदा घात केला. मधल्या स्विचनं मान टाकली, थोरल्याला वाटलं धाकटा गेला, धाकट्याला वाटलं थोरला गेला, आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. चौदा मिनिटं बँक इंटरनेटवरून नाहीशी झाली. नानांनी ती चौदा मिनिटं दोन्ही डायऱ्यांत लिहिली आणि त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम घातला: थोरल्यावर गोळी झाडण्याआधी दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात थोरला आपली गोळी झाडून मोकळा होतो आणि एक तरी उभा राहतो. "थोरल्याचा मान," एवढंच म्हणाले.

शिवाय एक तिसरं, छोटंसं मशीन आणून बसवलं. त्याच्याकडे काम काही नाही, फक्त मत. दोघांत फाटलं की एकाकडे अर्धी मतं असतात, बहुमत नाही, म्हणून पंच. तशी दोघांच्याच जोडीला एकट्यानंही कारभार करण्याची सवलत असते, पण नानांना सवलतींचा राग होता. तो राग सोसायटीच्या वार्षिक सभेपासूनचा. गणपूर्ती झाली नाही म्हणून अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि अर्ध्या तासानं त्याच सात जणांनी पार्किंगचा ठराव पास केला. नाना उठून म्हणाले, "माझ्या सर्व्हरांनी हे केलं तर मी त्यांची वीज तोडतो." पुढच्या सभेला नोटीस मिळाली नाही.

नानांच्या थोरल्या भावाला डॉक्टरांनी पेसमेकर बसवायचा ठरवला, तेव्हा मी सोबत होतो. सगळे घाबरलेले. नानांनी विचारलं, "पेसमेकर ठीक. पण नोड किती?" डॉक्टरांनीही न हसता सांगितलं की हृदयात ठोका देणारा मुख्य तो साइनस नोड, तो बंद पडला तर खालचा एव्ही नोड काम हाती घेतो, जरा कमी गतीनं. नानांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, "बघ, देवानंसुद्धा सिंगल सर्व्हर ठेवला नाही." दोन पावलं चालून थांबले. "पण धाकटा कमी गतीचा घेतला. बजेट कमी पडलं असणार."

पुढे नाना निवृत्त झाले. वर्षभर त्यांनी मला हुबेहूब घडवायचा प्रयत्न केला होता. माझ्या खिशालाही दोन निळी पेनं आली होती. शेवटच्या दिवशी सहा वाजता शाल-नारळ झाला. नारळ एकच दिलेला पाहून नाना जरा अस्वस्थ दिसले. जाताना म्हणाले, "माझं सर्व्हरवरचं खातं आत्ता बंद कर." मी हो म्हटलं. पण तीस वर्षं ज्यांनी ही खोली सांभाळली, त्यांचं नाव ते जिना उतरायच्या आत पुसायला बोट उचलेना. सोमवारी करू म्हटलं.

रात्री साडेअकराला फोन.

"अजून लॉगिन होतंय!"

"नाना, तुम्ही बघताय कशाला?"

"दर अर्ध्या तासानं बघतोय. दोघांकडे किल्ल्या? आमटी विसरलास?"

मी ओशाळून म्हटलं, "थोरल्याचा मान म्हणून जरा सवड दिली."

"दहा सेकंद दिली होती रे," नाना म्हणाले. "साडेपाच तास नव्हे."

मी त्यांचं खातं बंद केलं आणि सांगितलं. पलीकडे कळफलकाचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"नाना? आहात ना?"

"आहे. आत घेत नाही आता." आवाज जरा जड वाटला. "छान. झोप आता."

मी दिवा घालवतोय तोच पुन्हा फोन वाजला. नानांचा दुसरा नंबर.

"या फोनवरूनही बघितलं. इथूनही घेत नाही."