सरकारी फुलं

लखनऊ छावणीत एखाद्या कडुनिंबाला कमरेपर्यंत गेरू-चुन्याचे पट्टे ताजे दिसले, की समजावं, इथून सुभेदारकाका गेले. मूळचे साताऱ्याचे, आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त. कोअरचं सेंटर लखनऊलाच, म्हणून घरही जवळच तेलीबागेत बांधलं. जीव मात्र छावणीतच राहिला. हाताखाली जवान उरले नाहीत, तेव्हा त्यांनी झेंडू भरती केले.

रविवारी सकाळी सातला सदर बाजाराच्या वाटेवर त्यांचं पथक जमतं. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत "काही लागलं तर सांगा हं" असं जे जे सौजन्याने बोलून गेले, ते सगळे पथकात. काका दोरी ताणतात, वितीने अंतर मोजतात. रोप सुकलेलं चालेल, पण रांगेबाहेर दोन बोटंही सरकलं, तर हुकूम सुटतो, "उखाडो!" वाफ्याभोवती विटा तिरक्या, अर्ध्या जमिनीत; एक गेरूची, एक चुन्याची. दोन गेरूच्या शेजारीशेजारी आल्या, की वाफा पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबरात फ्लॉक्स-पिटुनियाची पेरणी, फेब्रुवारीत बहर, मे महिन्यात लू सुटली की जी करपतात ती काकांच्या भाषेत "शहीद." डिसेंबरात ते पथकाला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शेवंती प्रदर्शनाला नेतात. ताटाएवढी शेवंती बघून बाकीचे हरखतात. काका एक डोळा मिटून म्हणतात, "तिसरी कुंडी लाइनीत नाही."

रस्ता छावणी परिषदेचा, झाडं परिषदेची, पाणीही परिषदेचं. अभिमान तेवढा काकांचा. त्यामुळे त्यांचा खरा शत्रू माकडं नव्हेत, गायीही नव्हेत. पहाटे फिरायला म्हणून पिशवी घेऊन निघणारी भाविक मंडळी. "फूल तोडना मना है" या पाटीमागे काका टॉर्च घेऊन दबा धरतात. "माताजी, ये सरकारी फूल है!" माताजी म्हणतात, "भगवान भी तो सबके हैं." काका विरघळत नाहीत. पिशवी रिकामी होते.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो. देव्हारा टपोऱ्या लाल जास्वंदींनी भरला होता. आणि तेलीबागेच्या त्या घराला अंगण नाही. मी नुसतं देवाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"जप्तीचा माल," काका करारी आवाजात म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, उद्या सोमवार. जरा पांढरी तगर जप्त करा!"