शेवटच्या धावपटूचं पाणी

महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूंचं सर्वांत मोठं स्वप्न सध्या दक्षिण आफ्रिकेत आहे. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधल्या डोंगरी रस्त्यावर दरवर्षी कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. अंतर साधारण 86 ते 90 किलोमीटर, मुदत 12 तास. बहुतेक वेळा एका वर्षी समुद्राकडून वर चढायचं आणि पुढच्या वर्षी वरून खाली उतरायचं. धावणाऱ्यांच्या भाषेत अप रन आणि डाऊन रन. पुण्या-मुंबईचे, नाशिक-साताऱ्याचे डॉक्टर, बँकवाले, शिक्षक, दुकानदार पहाटे चारला उठून सिंहगडाच्या किंवा यवतेश्वरच्या घाटात पाय कसतात, रजा साठवतात, दोन-तीन लाख बाजूला काढतात आणि जातात. जावंच. माणसाने आयुष्यात एखादी गोष्ट अशी करावी, जिच्यातून दमडी मिळत नाही.

माझं भांडण जाऊन आलेल्यांशी आहे. परत आल्यावर ते फील्ड्स हिलच्या उताराने मांड्यांचं काय केलं ते सांगतात, पॉली शॉर्ट्सच्या चढावर कोण कसा कोसळला ते सांगतात. ऐकायला आवडतं. पण तिथे सर्वांत हळू धावणाऱ्या माणसाला कसं वागवतात, हे सांगायला हवं ते सांगत नाहीत. ते सांगितलं, तर आपल्याकडच्या शर्यती कशा चालतात यावर बोलावं लागेल. आणि आपल्याकडच्या पुष्कळ शर्यती हीच मंडळी भरवतात.

कॉम्रेड्स सुरू केली विक क्लॅफम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरने. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत शेकडो मैल तंगडतोड करून आला होता आणि मेलेल्या सोबत्यांचं स्मारक त्याला दगडात नको होतं. माजी सैनिकांच्या संघटनेने आधी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं, शेवटी हो म्हटलं. 24 मे 1921 रोजी 34 जण निघाले, 16 पोचले. पहिला आलेला बिल रोवन 9 तासांना जेमतेम एक मिनिट कमी असताना पोचला. तेव्हाही मुदत 12 तासांचीच होती. 1928 मध्ये ती 11 तासांवर आणली, 2003 पासून ती पुन्हा 12 तास झाली.

ही मुदत निर्दय आहे. बारा तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. कोणाची दया येऊ नये म्हणून ही पाठ. दोन पावलं उरलेल्यालाही पदक नाही. पण त्या बंदुकीआधीच्या शेवटच्या सेकंदापर्यंत सगळं जागेवर असतं. रस्त्याकडेच्या टेबलांवर दाताने फोडायच्या पाण्याच्या पिशव्या असतात, मीठ लावलेले उकडलेले बटाटे असतात. छातीवरच्या बिबवर धावपटूचं नाव आणि आधीच्या पदकांची संख्या छापलेली असते, त्यामुळे अनोळखी माणसं नावाने हाका मारतात. वाटेतल्या इंचांगाच्या बाजूला एथेम्बेनी नावाची अपंग आणि दृष्टिहीन मुलांची शाळा आहे. तिथली मुलं रस्त्यावर येऊन हात पुढे करून उभी असतात, धावणारे टाळ्या देत पुढे जातात. शर्यतीचं टीव्हीवर दिवसभर थेट प्रक्षेपण होतं आणि शेवटचा तास लोक जिंकणाऱ्याइतक्याच जिवाने बघतात.

मला सर्वांत आवडतात तिथल्या 'बस'. एक जुना, मुरलेला धावपटू हातात झेंडा घेऊन धावतो. तो ड्रायव्हर. त्याच्या मागे शे-दोनशे माणसांचा थवा. कुठल्या चढावर चालायचं, कुठे पुन्हा पळायचं, पाण्याशी किती थांबायचं, हे त्याच्या डोक्यात मिनिटागणिक बसलेलं असतं आणि सगळी बस गात गात त्याच्या हुकमात चालते. बारा तासांची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला स्वतःची वेळ सुधारायची नसते. बंदुकीआधी जास्तीत जास्त माणसं आत घ्यायची असतात. हळू धावणाऱ्याची जबाबदारी कोणीतरी अंगावर घेणं, यापेक्षा मोठा खिलाडूपणा मला माहीत नाही.

ही शर्यत पहिल्यापासून सर्वांची नव्हती, हेही सांगायला हवं. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना तिने अधिकृत प्रवेश दिला तो 1975 मध्ये. त्याआधी दोघंही धावले होते, पण यादीबाहेर, पदकाविना. 1989 मध्ये सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला. त्याच वर्षी वॉली हेवर्ड हा 80 वर्षांचा म्हातारा 11 तासांच्या मुदतीला दोन मिनिटंही उरली नसताना कसाबसा आत आला. हा हेवर्ड पाच वेळचा विजेता, पहिल्यांदा जिंकला तो 1930 मध्ये. लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं.

आता आपल्याकडे या.

एका जिल्ह्याच्या गावी हाफ मॅरेथॉन होती. शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी मी उभा होतो. पत्रकावर मुदत साडेतीन तास छापली होती. पावणेतीन तास झाले आणि टेम्पो आला. मुलांनी जार उचलले, टेबलं मिटली, उरलेली केळी कोणीतरी पिशवीत भरली. त्यानंतर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या, पंजाबी ड्रेस, पायात साधे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. "दादा, पाणी?" एका पोराने स्वतःच्या दप्तरातली बाटली दिली. पोरगं गुणी होतं. रस्ता वाहतुकीला मोकळा करून झाला होता, एसटी आणि दुधाच्या गाड्यांमधून वाट काढत त्यांनी उरलेले दोन किलोमीटर संपवले, मुदतीच्या पंधरा मिनिटं आत. कमानीतली हवा काढली होती. पदकं संपली होती. कुरिअरने पाठवतो, म्हणाले. मंचावर मात्र प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू होतं आणि डीजेचे पैसे वसूल होत होते.

त्या बाईंनी पहिल्या आलेल्या मुलाइतकीच फी भरली होती. किंबहुना अशा शर्यती त्यांच्यासारख्यांच्या फीवरच उभ्या राहतात. पुढच्या वीस जणांना बक्षिसं मिळतात, त्यांचे पैसे मागचे हजार भरतात. मग पाणी आधी कोणाचं तोडायचं?

आयोजक म्हणतात, पोलीस रस्ता तेवढाच वेळ देतात. मान्य. मग पत्रकावर तेवढीच मुदत छापा. तीन तास मिळत असतील तर तीन तास लिहा, नाहीतर शर्यत पहाटे पाऊण तास आधी सोडा. कॉम्रेड्सला तर अख्खा दिवस रस्ता सांभाळायचा असतो. तिथे मधल्या टप्प्यांवरही वेळेची अट असते. जो मागे पडला त्याला तिथेच थांबवतात, गाडीत बसवून आणतात, उघड्या रहदारीत सोडून देत नाहीत. शिवाय ठरलेल्या वेळात पूर्ण मॅरेथॉन पळून दाखवल्याशिवाय तिथे उभंच राहता येत नाही. आपल्याकडे ज्याने आयुष्यात पाच किलोमीटर सलग पळालेलं नाही, त्याच्याकडूनही एकवीस किलोमीटरची फी घेतात आणि त्याला चक्कर आली की म्हणतात, तयारी नव्हती. तयारी विचारायचं काम कोणाचं होतं?

आणखी एक फरक. कॉम्रेड्सचं पदक नाण्याएवढं असतं. शंभर वर्षांत त्यांना ते मोठं करावंसं वाटलं नाही. आपल्याकडे गावोगावच्या शर्यतीत तळहाताएवढं, पाव किलोचं पदक गळ्यात पडतं, टी-शर्टवर बारा प्रायोजकांची नावं असतात, फोटोसाठी उंच चौकट असते आणि अठराव्या किलोमीटरला पाणी नसतं. पैसा कुठे गेला ते त्या पदकाच्या वजनावरून कळतं.

म्हणून डर्बनहून आलेल्या प्रत्येकाला माझं म्हणणं आहे: तुम्ही ती बस पाहिलीत, बटाटे खाल्लेत, अनोळखी माणसाने तुमच्या नावाने हाक मारली तेव्हा डोळे भरून आले, हे तुम्हीच सांगता. मग तुमच्या तालुक्याच्या शर्यतीत शेवटची बस चालवा. स्वतःची वेळ एक वर्ष सोडा, हातात झेंडा घ्या, मागच्या चाळीस जणांना मुदतीत आत आणा. त्याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही.

आणि पावसाळा सरला की शर्यतींचा हंगाम सुरू होईल, नोंदणीचे संदेश मोबाइलवर येतील. फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचारा. शेवटचं पाण्याचं टेबल किती वाजता उचलणार? मुदतीच्या आत शेवटचा माणूस येईपर्यंत रस्ता बंद राहणार का? पदकाच्या डिझाइनबद्दल ते आपणहून सांगतील, ते ऐकून घ्या आणि पुन्हा तेच दोन प्रश्न विचारा. तरीही सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे भरू नका.