पाठीवरचे लिटर

कॅमेऱ्याची पाठपिशवी लिटरवर विकली जाते. २० लिटर, ३० लिटर, ४५ लिटर. ट्रेकला जाणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. दूध आणि पेट्रोल यापलीकडे लिटर न पाहिलेला माणूस मात्र दुकानात उभा राहून मनातल्या मनात त्या सॅकमध्ये दुधाच्या पिशव्या ओतून बघतो. तरी ३० लिटरमध्ये लेन्स किती बसतील ते कळत नाहीच, कारण हा आकडा बिल्डरच्या सुपर बिल्टअपसारखा असतो. फोमच्या भिंती, लॅपटॉपचा खण, ‘इतर सामाना’चा वरचा कप्पा हे सगळं वजा जाता कॅमेऱ्याच्या वाट्याला जे येतं ते कार्पेट. म्हणून बॅग घ्यायला जाताना आपला कॅमेरा बरोबर न्यावा, आणि त्यातल्या त्यात सर्वांत लांब लेन्स लावून न्यावा. कंपनीच्या फोटोतली लेन्स नेहमीच आपल्या लेन्सपेक्षा गुणी आणि आखूड असते.

मुंबईत फोर्टात, बोराबाजाराच्या आसपास, कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एका वयस्कर दुकानदारांची रीत मला आवडते. बॅग दाखवा म्हटलं की ते बॅग काढतच नाहीत. “काय काय नेता रोज? सगळं काउंटरवर मांडा,” म्हणतात. गिऱ्हाईक मांडू लागतं: बॉडी, मोठी झूम, मधली झूम, पन्नासची प्राइम, फ्लॅश, फिल्टरची डबी, लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा, दोन चार्जर, आणि कुठून आली हे कोणालाच न आठवणारी एक वायर. काका एकेका वस्तूवर बोट ठेवतात.

“हे शेवटचं कधी वापरलंत?”

“तसं नाही, पण असू दे हो. लागेल.”

‘असू दे, लागेल’ या तीन शब्दांवर निम्म्या महाराष्ट्राचे माळे उभे आहेत. मिक्सरचं रिकामं खोकं, लग्नात आलेला सहावा लेमन सेट, बंद पडलेल्या पंख्याची पाती. माळ्याला पाठीचा कणा नसल्यामुळे तिथे हे खपून जातं. बॅगेचं तसं नाही. बॅग निवडायची म्हणजे आधी काय न्यायचं नाही ते ठरवायचं, आणि ते काही केल्या ठरत नाही म्हणून माणूस बॅगाच घेत राहतो. आधीचीपेक्षा मोठी बॅग घेणं म्हणजे त्या निर्णयाला पुढची तारीख मागून घेणं.

निर्णय टाळायची सोय एकेकाळी होती. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात शिरला, तेव्हा त्याचं सामान वाहायला ३०च्या आसपास हमाल होते. यात त्याचा शौक कमी आणि नाइलाज जास्त. ओल्या कोलोडियनचा तो जमाना. काचेवर रसायन ओतायचं, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत ती धुवायचीसुद्धा. तेव्हा डार्करूम घरी ठेवून डोंगरात जाणं शक्यच नव्हतं. काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि १२ बाय १० इंचांच्या काचा असा सगळा कारखाना माणसांच्या पाठीवरून वर चढवावा लागे. १८६६ मध्ये साडेअठरा हजार फुटांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडीत त्याने फोटो काढले. वाटेत हमाल ओझी टाकून पळून जातात, अशी त्याची लेखी तक्रार आहे. हमालांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. पण एका खांद्यावर ट्रायपॉड घेऊन ज्याने रायगडाच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याला ती साधारण कळेल.

दुसऱ्या टोकाला होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत त्या साडी नेसून, कॅमेऱ्याचं सामान घेऊन सायकलवरून कामाला जात. त्यांचा तो जड स्पीड ग्राफिक कॅमेरा ज्यांनी हातात घेतला असेल त्यांनी त्या सायकलचा मनोमन आदर करावा. कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा, पाठीला हवा लागावी म्हणून जाळी, या चर्चेत तासन्‌तास घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही बाई अडचणीची वाटते, म्हणून आम्ही तिचे फोटो बघतो आणि सायकलचा विषय काढत नाही.

आता हमाल एकच, तो म्हणजे आपण. त्यालाही विमानात मर्यादा आहे. देशातल्या बहुतेक विमानांत केबिनमध्ये ७ किलो सामान नेता येतं. निकॉनचा डी ८५० हा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट १००५ ग्रॅम. २००-५००ची झूम २३०० ग्रॅम. २४-७०ची, लग्नाघरी लागते ती, १०७० ग्रॅम. चांगली गुबगुबीत बॅग रिकामीच दोन किलो भरते. बेरीज सहा किलो तीनशे पंचाहत्तर. उरलेल्या सव्वासहाशे ग्रॅममध्ये फ्लॅश, चार्जर, बॅटऱ्या आणि वाचायला एखादं पातळसं पुस्तक. लॅपटॉपचं नाव काढू नये. म्हणजे सात किलोंतले दोन किलो आपण फोम आणि चेन वाहून नेतो, आणि ते सुरक्षिततेसाठी. वजनकाटा जवळ आला की फोटोग्राफर मंडळी उन्हाळ्यातही जॅकेट चढवतात आणि त्याच्या खिशांतून लेन्स डोकावू लागतात, यात नवल नाही. बरं, सामान खाली टाकावं तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. जागा नाही म्हणून ऐन दारात बॅग काढून घेतली, तर सगळ्या रांगेदेखत ती उघडून बॅटऱ्या वेचाव्या लागतात. मागच्या प्रवाशांना आपल्या बॅगेची रचना तेव्हा नीट बघायला मिळते.

रचनेत सगळ्यांत महत्त्वाचं काय, तर चेन कुठे आहे. याकडे घेताना कोणी बघत नाही. सगळे खिसे मोजतात. बॅग समोरून उघडणारी असली, तर ती उघडायला पाठीकडची बाजू जमिनीवर टेकवावी लागते, आणि मग तिथला चिखल, शेण किंवा ताडोब्याची तांबडी धूळ पुढे दिवसभर आपल्या शर्टावर. पाठीकडून उघडणारी बॅग पोटावर आडवी करायची. मळते ती तिची पुढची बाजू, आपण कोरडे राहतो. लोकलमध्येही हीच बरी. गर्दीत सॅक पुढे घ्यावी लागते, तेव्हा तिची चेन आपल्या पोटाला चिकटलेली असते आणि शेजाऱ्याच्या बोटांना नुसतं कापड लागतं. बाजूने उघडणारी चेन उपयोगी खरी, एका खांद्यावरून बॅग फिरवली की कॅमेरा हातात. पण ती चेन लावायची राहिली की कॅमेरा हातात न येता थेट रस्त्यावर येतो.

आणि वेल्क्रो. आतल्या भिंती हव्या तशा हलवता याव्यात म्हणून वेल्क्रोच्या असतात ते ठीक आहे. पण काही बॅगांच्या झाकणालाही वेल्क्रो असतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर पहाटे होडी हळूच पुढे सरकते. नावाड्याने वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून हात आवरलेला असतो. समोर उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून चरत असतात. आणि होडीतला एक जण मोठी लेन्स काढायला झाकण ओढतो. च्यर्रर्र! आधी जवळचे बगळे उठतात, मग शेकाटे, मग ती सगळी गुलाबी रांग चार पावलं पळून हवेत. “सायेब, फाडायचं काय ते काठावर फाडून आणा की,” नावाडी म्हणतो. मासेमारी करणाऱ्या या मंडळींना पक्ष्यांची लांबून पारख असते आणि आपली जवळून. माझं मत त्या सकाळपासून पक्कं आहे: झाकणाला वेल्क्रो असलेली बॅग फुकट दिली तरी घेऊ नये.

पावसाबद्दल थोडक्यात. बॅगेच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं रेनकव्हर असतं. ते पाऊस यायच्या आधी घालायचं असतं, आणि कोकणात हे वाक्य निरर्थक आहे. त्याहून वाईट म्हणजे भिजलेली बॅग कॅमेऱ्यासकट बंद करून कपाटात ठेवणं. दमट अंधारात फोम ओल धरतो आणि लेन्सच्या काचेवर बुरशीचं नाजूक जाळं उगवतं. सिलिका जेलच्या पुड्या मदत करतात, पण बॅग रिकामी करून पंख्याखाली उघडी टाकणं जास्त. घरातल्यांना तो पसारा वाटतो.

दिसण्याचाही प्रश्न आहे. कंपनीचं नाव ठसठशीत लिहिलेली काळी तुकतुकीत बॅग म्हणजे आत काय आहे याची जाहिरात. बिलिंगहॅम ही इंग्लंडची कंपनी १९७३ मध्ये मासे धरणाऱ्यांसाठी झोळ्या शिवायला निघाली होती. पुढे कळलं, की त्या झोळ्या फोटोग्राफर उचलतायत. मला वाटतं यात पाण्यापासून बचावाइतकाच वाटा या गोष्टीचा असणार, की गळवाल्याच्या झोळीवर कोणी लक्ष ठेवून बसत नाही. आपल्याकडे हे काम ऑफिसची मळकट राखाडी सॅक करते. त्यात फोमचा एक सुटा डबा बसवला की झालं. टिफिन घेऊन निघालेला क्लार्क आणि दोन लाखांची लेन्स घेऊन निघालेला हौशी, ठाणे स्टेशनात ओळखू येता कामा नयेत.

वारीत मात्र कुठलीच बॅग बरोबर ठरत नाही. तिथे मोठी सॅक घेऊन वळलं, की मागच्या माणसाला धक्का बसतोच. चांदोबाच्या लिंबाजवळ, उभ्या रिंगणाच्या गर्दीत, एक बाई डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत मला म्हणाल्या, “माऊली, पाठीवरचं बिऱ्हाड जरा पुढं घ्या.” त्या आळंदीहून चालत आल्या होत्या, खांद्याला एक कापडी पिशवी. मी लोणंदपर्यंत गाडीने आलो होतो. बिऱ्हाड पुढे घेतलं. पुढे घेतल्यावर घोडा दिसेना, फोटोही मिळाला नाही, पण बाई पुढे गेल्या.

जगातल्या एकाही बॅगवाल्याने ज्याचा विचार केलेला नाही ती वस्तू म्हणजे डबा. ड्रोनला जागा असते, टॅब्लेटला मऊ अस्तराचा खण असतो, चष्म्याला वेगळा खिसा असतो. पोळीभाजीच्या गोल डब्याला कुठेही उभं राहता येत नाही. तो आडवा पडतो, आणि आडव्या पडलेल्या डब्यातलं तेल आपली वाट शोधतं. सध्या माझ्याकडे आहे ती बॅग २० लिटरची, राखाडी, पाठीकडून उघडणारी. एक बॉडी, दोन लेन्स, वरच्या कप्प्यात डबा. बॅग आणली त्या दिवशी बायकोने वरचा आणि खालचा कप्पा उघडून पाहिला. मधल्या कापडी पडद्याला चेन आहे, आणि ती चेन कोपऱ्यात बोटभर उघडीच राहते.

“अरे, इथून लोणचं खाली जाईल.”

“लोणचं नको देऊस मग.”

“आणि फ्लॅश?”

“तो राहू दे घरी. त्या जागेत ठेचा बसेल.”

“कोरडा करते,” ती म्हणाली, आणि फ्लॅश उचलून माळ्यावर टाकला. असू दे, लागेल.