निवृत्त चाकांची बागायत

शहरापासून तासाभरावरच्या कोणत्याही बऱ्यापैकी रिसॉर्टच्या फाटकात हल्ली दोन गोष्टी हमखास असतात: एक सुरक्षारक्षक आणि एक बैलगाडीचं चाक. दोघांनाही नुसतं उभं राहायचं असतं. चाकाला सोनेरी ऑइलपेंट, आऱ्यांमधून लोंबणारा पिटुनिया आणि खालून हॅलोजनचा झोत. आत गेलं की कॅफेच्या दाराशी विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील, तेही रंगवलेलं. मालक सांगतात, ही आमची मातीची ओढ. पण पुरावा तपासला तर तो वेगळंच सांगतो. बागेत चाक लावणारा शेतीची आठवण जपत नसतो. शेती आपल्याला करावी लागत नाही, याची तो जाहीर ग्वाही देत असतो.

ओढ मातीचीच असती, तर लॉनवर आणखी बरंच काही आलं असतं. भातखाचरात चिखलणीसाठी ट्रॅक्टरला जोडतात ते केजव्हील घ्या. गोल आहे, अस्सल लोखंडाचं आहे, मातीने तर पुरतं माखलेलं आहे. पण ते अजून कामावर असल्यामुळे त्याला सौंदर्य नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे हंगामात डनलॉप गाड्यांची रांग लागते. वर मापाबाहेरचा ऊस, खाली रबरी टायर, पुढे तोंडाला फेस आलेले बैल आणि बाजूला मराठवाड्यातून आलेलं ऊसतोड कुटुंब. त्या गाडीचं चाक कुणी बागेत मागवत नाही. चाक देखणं ठरायचं तर त्याचा बैल आधी गेलेला असावा लागतो, आणि गाडीवानही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आम्ही घेतलं नसतं तर ते भंगारात गेलं असतं. गेलं असतं, आणि त्यात लोखंडाचं काहीच बिघडलं नसतं. भट्टीतून ते पुन्हा लोखंड म्हणूनच बाहेर पडतं आणि कुठेतरी कामाला लागतं. दुसरा आक्षेप नेक चंद यांचा दाखला देतो. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये टाकाऊ वस्तूंचंच नंदनवन झालं ना? झालं. पण या सरकारी नोकराने ते 1957पासून गुपचूप, स्वतःच्या हाताने रचलं आणि फुटक्या बांगड्यांतून, कपबश्यांतून नवी माणसं आणि जनावरं उभी केली. इथली निर्मिती रंगाचा डबा उघडण्यापाशी संपते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: मुलांना निदान चाक तरी दिसतं. दिसतं काय, तर फुलांचं स्टँड. त्यात बघण्यासारखं होतं ते वेगळंच. सुतार बाभळीचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून चाक करी; मग लोहार लोखंडी पट्टी वळवून धाव बनवी, तिचा घेर मुद्दाम किंचित कमी ठेवून. शेण्यांच्या आगीत धाव लालबुंद झाली की फुगे. मग ती सांडशींनी उचलून चाकावर बसवायची, घण घालायचे आणि पाणी ओतायचं. आकसता आकसता ती सगळे सांधे आवळून टाकी. भौतिकशास्त्राचा हा धडा गावोगाव बलुत्याच्या धान्यावर शिकवला जात होता. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली पडे, म्हणून चाकं पाण्यात भिजवत. यातलं एक अक्षरही त्या चाकाशेजारी लिहिलेलं नसतं. पाटीवर लिहिलेलं असतं: ‘सेल्फी पॉइंट’.

चाक दिसायला छान असतं, हा शेवटचा आक्षेप मात्र बिनशर्त मान्य. तेवढंच कारण सांगणाऱ्याशी भांडण नाही. संस्कृतिरक्षणाचं मानपत्र मागणाऱ्यांनी निदान पिटुनियाला रोज घातलेलं पाणी कुठे मुरतं, ते एकदा वाकून पाहावं. ऑइलपेंटच्या आतलं लाकूड जमिनीलगत कुजतं, उरलेलं वाळवी खाते. लोखंडी धाव तेवढी टिकते, आणि तिचा भाव भंगारवाला किलोवर करतो.