कलम नऊ आणि डिंकाची डबी

टपालातून जाणारं कुठलंही पाकीट, कुठलंही पार्सल आता वाटेत अडवता येतं, उघडता येतं, ठेवूनही घेता येतं. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या अधिकाऱ्याला मुभा देईल, त्याने हे करायचं. गुन्हेगार टपालात दडून बसलेत म्हणे. २०२३ च्या टपाल कायद्याचं हे कलम ९, आणि कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे. मी चष्मा पुसून ते कलम वाचलं. अडवणे आहे, उघडणे आहे, रोखून ठेवणे आहे. सरकारला योग्य वाटेल तशी विल्हेवाट लावणेही आहे. चिकटवणे नाही.

तुम्ही म्हणाल, देशाच्या सुरक्षेचं बोलणं चाललंय आणि हा डिंकाचं काय काढून बसला! पण टपाल कार्यालयात शेवटचं कधी गेला होता? खिडकीशेजारी एक टेबल असतं, टेबलावर एक डबी. डबीत डिंक असतो, असं डबीच्या रंगावरून वाटतं. त्यात एक काडी उभी रुतलेली असते. एके काळी तिला ब्रश होता. काडी उचलायला जावं तर अख्खी डबी हातात येते. खिडकीतून सल्ला मिळतो, पाण्याचा थेंब टाका. पाणी कुठे? पिंपात. पिंप कोरडं. मग मागच्या रांगेतले एक काका आपली जीभ देऊ करतात. परदेशी हेरकथांत पाकीट वाफेवर उघडतात आणि असं बेमालूम बंद करतात की ज्याचं त्यालाही कळू नये. आपल्याकडे वाफेपर्यंत अडचण नाही. चहा सतत चालूच असतो. पुढे काय? डबी आहे, पण ती म्हणजे वरची. तेव्हा देशद्रोह्याचं पत्र उघडून, वाचून, त्याची नक्कल काढून झाली की साहेब ड्रॉवर उघडणार, स्टेपलर काढणार, पिना संपलेल्या असणार, शेवटी पाकिटाला सुतळी बांधून वर ‘फाटक्या स्थितीत प्राप्त’ असा शिक्का मारणार, आणि देशद्रोही तो शिक्का बघून बायकोला म्हणणार, अगं, आपल्यावर पाळत आहे, चल.

उघडायची कारणंही कलमात दिली आहेत. राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता. इथवर ठीक. पण पुढे एक ‘किंवा’ आहे: किंवा या अथवा अन्य कुठल्याही कायद्याचा भंग झाल्यास. कुठल्याही! माझी मावशी दर दिवाळीला बेसनाचे लाडू टपालाने पुण्याला पाठवते. लाडूंनी कुठलाच कायदा मोडलेला नाही, पण मावशीचा नातू हेल्मेट घालत नाही. मोटार वाहन कायदा हा कायदाच आहे. उघडा डबा. शेजारच्या जोश्यांनी कुत्र्याचा परवाना काढलेला नाही, अडवा त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका. आणि रस्त्यावर थुंकणाऱ्यांचं टपाल हिशेबात धरलं तर उघडायचं काही शिल्लकच राहत नाही, कार्यालय बंद करून सगळ्यांनी वाचतच बसावं.

आता जरा गंभीर. १८९८ च्या कायद्यातही टपाल अडवायची तरतूद होती; गोरा साहेब काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण त्याच साहेबाने त्याच कायद्यात लिहून ठेवलं होतं, की टपाल कर्मचाऱ्याने गैरमार्गाने टपाल उघडलं, मुद्दाम रोखून ठेवलं किंवा रखडवलं तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. नव्या कायद्यात ते कलम गळालं. उलट कलम ९ च्या लगेच खाली कलम १० आहे: नियमांत घालून दिली असेल तेवढी सोडली, तर सेवेबद्दल टपाल कार्यालयावर कसलीच जबाबदारी नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केलं, उशीर केला किंवा भलतीकडे टाकलं, तर गोष्ट वेगळी. ते सिद्ध करायला तुम्ही मोकळे. एका हाताने उघडायचं आणि दुसरा हात वर करायचा. माझे दिवाळी अंक तिळगुळाबरोबर येतात. एका कार्यालयातून नोंदणीचं पाकीट ‘दार बंद’ असा शेरा मारून परत गेलं, त्या दिवशी मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो! ज्यांना माझं दार उघडं दिसत नाही, ते माझं पाकीट उघडणार, आणि त्यात गुन्हा शोधणार?

बरं, गुन्हेगार टपालात नाहीतच. ते फोनवर आहेत. “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत,” असं सांगून ते निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करतात आणि भविष्य निर्वाहाची जन्माची पुंजी काढून घेतात. मास्तरांनी पार्सल पाठवलेलंच नसतं. कलम ९ तर टपालातून प्रवासात असलेल्या वस्तूलाच लागू. नसलेलं पार्सल उघडायची सोय त्यात नाही. ती विद्या फक्त चोरांकडे. पूर्वी मास्तर निदान विचारू शकत होते, की माझं पार्सल उघडायचा तुम्हाला अधिकार काय? आता चोर कलमाचा आकडा सांगतो.

मावशीला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे डब्याला फडकं बांधलं. यंदापासून लाडू पुण्याला निघालेल्या सोनटक्क्यांच्या बंडूबरोबर जाणार. “अगं, तो वाटेत डबा उघडेल,” मी म्हटलं.

“उघडू दे की,” मावशी म्हणाली. “दोन खाईल. पण फोन करून सांगेल, काकू, तूप थोडं कमी पडलंय.”